कोपरापर्यंत हात

माझा धंदा काय, हे मुरुडमध्ये आजतागायत कुणालाही कळलेलं नाही, आणि त्यात मुरुडचा काही दोष नाही. नव्या मुंबईतली नोकरी सोडून मी घरी आलो, तेव्हा आईने चार दिवस शेजारीपाजारी सांगितलं की पोराला कंपनीने सुट्टी दिलीय. पाचव्या दिवशी ती ‘पोरगा कॉम्प्युटर तपासतो’ इथवर आली आणि तिथेच थांबली. परवा एका शेजारणीने बंद पडलेला मिक्सर आणून दिला. मी तो दुरुस्त करून दिला, आणि वाडीतली माझी पत तेवढ्यावर उभी आहे.

खरं तर मी करार तपासतो. कागदावरचे नव्हे. ब्लॉकचेन म्हणजे जगभरच्या हजारो यंत्रांवर एकाच वेळी ठेवलेली, कुणालाही खाडाखोड न करता येणारी एक वही. या वहीवर एक प्रोग्रॅम चढवला की तो आपला आपण चालतो. पैसे घेतो, पैसे देतो, तारण ठेवतो, जप्ती आणतो. त्याला साहेब नाही, शिपाई नाही, जेवणाची सुट्टी नाही. याला स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. त्यात एखादी चूक राहिली तर तीही आपली आपण चालते, एवढं मात्र जाहिरातीत छापत नाहीत.

या धंद्यातलं लाडकं बाळ म्हणजे बँकेशिवायची सावकारी. एकाने आपले डिजिटल डॉलर ठेवायचे आणि व्याज खायचं. दुसऱ्याने आपल्याकडची दुसरी कुठली तरी नाणी तारण ठेवून ते डॉलर कर्जाऊ न्यायचे. मध्ये माणूस नाही. तारणाची किंमत घसरली की प्रोग्रॅम ते परस्पर विकून टाकतो, डोळ्यात पाणी आणून मुदत मागायची सोय नाही. ही मंडळी अभिमानाने सांगतात की आमच्याकडे कुणावर विश्वास ठेवायची गरजच नाही. आणि हे इतक्या विश्वासाने सांगतात की लोक लगेच पैसे टाकतात.

तर असा प्रोग्रॅम चालू करण्याआधी माझ्यासारख्या कुणाला तरी पैसे देऊन तो वाचून घेतात. मी दोन-तीन आठवडे ओळ न् ओळ वाचतो, सापडलेली प्रत्येक खोट चारपैकी एका कप्प्यात मांडतो – गंभीर, मध्यम, किरकोळ आणि ‘केवळ माहितीसाठी’ – आणि इंग्रजीत अहवाल लिहितो. अहवालाच्या पहिल्याच पानावर जाड अक्षरात असतं की हा अहवाल म्हणजे कसलीही हमी नाही. आपण काहीच सांगितलेलं नाही असं आधी सांगून घ्यायचं आणि मग चाळीस पानं सांगत बसायचं, अशी या लेखनाची रीत आहे. हे प्रत्येक ऑडिटरला फार शहाणपणाचं वाटतं. मलाही वाटायचं.

माझ्या आत्याचा धंदा मात्र सगळ्यांना कळतो. ती सुकी मासळी विकते. सोडे, बोंबील, जवळा, वाकट्या. बाजाराच्या रस्त्याला प्लास्टिकचा कागद अंथरून तिचं दुकान तीस-एक वर्षं चाललंय. पाऊस आला की दुकान डोक्यावर घेऊन पळायचं आणि थांबला की पुन्हा अंथरायचं. आतोबा गेले तेव्हा त्यांची मासेमारीची बोट चालवायला घरात कुणी नव्हतं. एकच मुलगी, तीही लग्न होऊन उरणला. आत्याने दोन वर्षं बोट किनाऱ्यावर शाकारून ठेवली, मग विकली. त्या पैशांना तिने हात लावला नाही. तिला बाजारात गाळा घ्यायचा होता. वर पत्रा, पुढे शटर, आत लाकडी फळ्या. नव्या गाळ्यांचं बांधकाम चालू होतं आणि होळीपर्यंत अनामत भरायची होती. “मरायच्या आदी एकदा तरी उंचावर बसून धंदा करायचा हाय मला,” ती म्हणायची. उंच म्हणजे जमिनीपासून दोन फूट.

सुक्या मासळीत ठकवणूक सोपी असते. गोणीत वर चांगला माल, तळाला ओलसर, बुरशी धरलेला, नाहीतर नुसती वाळू. म्हणून आमच्याकडच्या बायकांची एक रीत आहे. ठोक माल आला की सगळ्या मिळून एकीला पुढे करतात. ती गोणीत कोपरापर्यंत हात घालते, तळाची मूठ वर काढते, हुंगते, आणि मान हलवते. तिने मान हलवली की बाकीच्या बघत नाहीत, पैसे मोजतात. ना कागद, ना सही, ना पहिल्या पानावर जाड अक्षरं. ज्याने हात घातला तो त्या गोणीला बांधला गेला. वर्षानुवर्षं तो हात आत्याचा होता. लहानपणी तिने मलाही शिकवलं होतं, आणि माझ्या हाताला चार-चार दिवस जवळ्याचा वास येत असल्यामुळे शाळेत मला बाकावर एकट्याला जागा मिळायची.

तर त्या वर्षी दिवाळीनंतर मला एक काम आलं. अशीच एक बँकेशिवायची सावकारी, पुण्या-मुंबईच्या चार पोरांनी काढलेली. काम संपत आलं तेव्हा त्यांच्या म्होरक्याचा फोन आला की आम्ही सगळे काशीदला आलोय, समुद्रावर बसून विचारमंथन करणार आहोत, तूही ये. विचारमंथन म्हणजे काय ते मी जाऊन पाहिलं. चार जण पोहण्याच्या तलावात पाय सोडून बसले होते आणि समुद्र दोनशे पावलांवर वाट बघत होता.

मी लॅपटॉप उघडून म्होरक्याला दाखवलं. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये एक खोट होती, आणि ती सापडायला मला आठवडा लागला याची मला लाज वाटत होती, कारण बंदरावर वाढलेल्या कुणालाही ती नाकाने कळली असती. तारणाची किंमत ठरवायला प्रोग्रॅम बाजारभाव विचारायचा, पण तो विचारायचा फक्त एका ठिकाणी. ते ठिकाण इतकं चिमुकलं, की तिथे कुणी थोडी जास्त खरेदी केली तरी भाव चढायचा. आमच्या बंदरावर एखाद्याने आपल्याच मेव्हण्याला एक पाटी कोलंबी सोन्याच्या भावाने विकली, म्हणून सगळ्या बंदराचा तो भाव होत नाही. बायका हसतात आणि पुढच्या पाटीकडे वळतात. या प्रोग्रॅमला हसता येत नव्हतं. त्याने तोच भाव खरा मानला असता. मग कुणीही यावं, फुटकळ नाणी विकत घेऊन त्यांचा भाव शंभरपट चढवावा, तीच नाणी तारण ठेवावीत, लोकांनी ठेवलेले सगळे डॉलर कर्ज म्हणून उचलावेत आणि निघून जावं. त्यासाठी खिशात पैसेही लागत नाहीत. या दुनियेत असंही कर्ज मिळतं की जे एका दमात घ्यायचं, वापरायचं आणि त्याच दमात फेडायचं.

“भाई, हे थिऑरेटिकल आहे,” म्होरक्या म्हणाला. त्याने गळ्यात शिंपल्यांची माळ घातली होती, काशीदच्या किनाऱ्यावर विकतात तसली. “एवढं कोण करणार?”

“चोर,” मी म्हटलं.

तो हसला. मग त्याने मला समजावून सांगितलं. पुढच्या आठवड्यात सुरुवात जाहीर झालीय. हे दुरुस्त करायचं तर महिना जाईल. अहवालात ‘गंभीर’ असा लाल ठिपका दिसला तर गुंतवणूकदार पळतील. तू ते काढून टाक असं मी म्हणतच नाही, तुझ्या प्रामाणिकपणाचा मला आदर आहे. फक्त कप्पा बदल. ‘केवळ माहितीसाठी’मध्ये टाक. लिहिलेलं तर राहीलच ना? आणि हो, तुझे उरलेले अर्धे पैसे अंतिम अहवालावर आहेत, आणि आमचे अजून दोन प्रोग्रॅम येतायत, ते तुझ्याशिवाय कोण तपासणार?

इथे मी बाणेदारपणे उठून लॅपटॉप मिटला असता तर हे लिहायची वेळ आली नसती. माझ्या घरावर वरची खोली अर्धी बांधून झाली होती, गवंडी दर शनिवारी दारात उभा राहत होता. पण हे गवंड्याच्या माथी मारणं बरोबर नाही. मला ती पोरं पुन्हा काम देतील याची हाव होती, आणि काशीदच्या त्या तलावाकाठी कुणीतरी मला ‘तुझ्याशिवाय कोण’ म्हणत होतं, त्याने मी फुगलो होतो. मी कप्पा बदलला. खोट पान एकेचाळीसवर गेली, शेवटून दुसरी, वर ‘भावाच्या स्रोताबाबत एक निरीक्षण’ असा मथळा. निरीक्षण! जणू मी बगळे बघायला गेलो होतो.

पैसे आले. खोलीवर स्लॅब पडला. आणि मी, म्हणजे ज्याला काही तरी मिरवल्याशिवाय चैन पडत नाही असा मी, अहवालाचं मुखपृष्ठ व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावलं. हिरवी बरोबरची खूण, खाली माझं नाव.

ते स्टेटस उरणला आत्याच्या जावयाने पाहिलं. जावई कंटेनरच्या यार्डात सुपरवायझर, हुशार, हौशी, आणि शेअर बाजारात एकदा पोळलेला असल्यामुळे आता कशातही पडायला तयार. त्याने सासूला सांगितलं की बँकेत तुमचे पैसे झोपलेत, इथे ठेवले तर होळीपर्यंत गाळ्याच्या फळ्यांचेही निघतील. आत्या कुणाचं ऐकून पैसे टाकणारी बाई नव्हे. तिने मला फोन केला. मी तेव्हा एका मीटिंगमध्ये होतो, समोर तीन देशांतली माणसं होती आणि एका कानाला आत्या.

“काय रं, जावय म्हनतोय ते पैशांचं, ते तूच तपासलंयस ना?”

“हो आत्या, तपासलंय. नंतर बोलू?”

नंतर बोललो नाही. ती कशाबद्दल विचारत होती, हेही मला धड कळलं नव्हतं. तिला मात्र सगळं कळलं होतं. घरच्या पोराने हात घातलाय, मान हलवलीय. अजून काय पाहिजे?

हे मला कळलं माघ निम्मा सरल्यावर, एका साखरपुड्याच्या पंगतीत. आत्या वाढता वाढता वाकली आणि कौतुकाने म्हणाली, “तुज्या त्या हिशोबात माजं बोटीचं पैसं हायत बरं का. रोज वाढत्यात. जावय फोनवर दाखवतो.” माझ्या पानात श्रीखंड होतं. मी ते बोटाने पानभर फिरवत राहिलो.

तेव्हा सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. आत्या, त्या गोणीचा तळ ओला आहे, आजच काढून घे. पण मग पुढचा प्रश्न आला असता की तुला कधीपासून माहीत आहे, आणि त्याचं उत्तर माझ्याच सहीने पान एकेचाळीसवर छापलेलं होतं. म्हणून मी हुशारी केली. दोन दिवसांनी तिच्याकडे गेलो आणि सहज विषय काढला.

“आत्या, अनामत भरायचीय ना? पैसे काढून हाताशी ठेव की.”

“अजून म्हैना हाय. तवर व्याज बुडवू व्हय?” ती बोंबील निवडत म्हणाली. “काय हाय का त्यात?”

“नाही, नाही. सहज म्हटलं.”

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ त्याहून बरीच महाग होती, आणि तिच्यात पैसे आत्याचे होते. मी स्वतःला समजावलं की महिनाभरात काय होतंय. चोर काय नेमका याच महिन्यात येणार आहे? म्होरक्याचं ‘थिऑरेटिकल’ मला तेव्हा एकदम पटायला लागलं.

होळीला अकरा दिवस होते. मी अलिबागहून एसटीने येत होतो, दुपारची वेळ, खिडकीची जागा. आमच्या धंद्यातल्या लोकांचा एक ग्रुप आहे, कुठे चोरी झाली की तिथे आधी बातमी येते आणि पाठोपाठ विनोद. फोन थरथरायला लागला. मी त्याच सावकारीचं नाव वाचलं आणि तेवढ्यात वळणावर नेटवर्क गेलं. एसटी आपल्या गतीने चालली होती, पुढच्या सीटवरची बाई नारळाची पिशवी पायाने सावरत होती, आणि मी फोन काचेला लावून बसलो होतो. काशीद आलं तेव्हा नेटवर्कची एक कांडी आली. सगळं संपलं होतं. मी लिहिलं होतं अगदी तसंच, त्याच क्रमाने. फुटकळ नाण्याचा भाव चढवला, तारण ठेवलं, डॉलर उचलले. सगळं मिळून एका व्यवहारात. माझी स्वतःची कल्पनाशक्ती इतक्या काटेकोरपणे कुणी राबवलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

म्होरक्याने आधी जाहीर केलं की सगळ्यांचे पैसे सुरक्षित आहेत. तासाभराने जाहीर केलं की आम्ही चौकशी करतोय. संध्याकाळी त्याने चोराला उघड पत्र लिहिलं की दहा टक्के तू बक्षीस म्हणून ठेव, बाकीचे परत कर, आम्ही तुला चोर म्हणणार नाही, संशोधक म्हणू. संशोधकाने उत्तर दिलं नाही. मग शेवटचं निवेदन आलं. ‘ही जोखीम आमच्या स्वतंत्र ऑडिट अहवालात पान एकेचाळीसवर स्पष्टपणे नमूद केलेली होती.’ म्हणजे माझा अहवाल अखेर कुणाच्या तरी कामी आला. त्यांच्या वकिलाच्या.

निवेदन इंग्रजीत होतं. उरणच्या जावयाने ते वाचलं नाही. त्याने फोनवर शून्य पाहिलं आणि ॲप काढून टाकलं. सासूला सांगायला तो स्वतः आला, एवढं त्याचं कौतुक करायला हवं. मी अजून गेलो नव्हतो.

मी बँकेत गेलो. माझी एक मुदत ठेव होती, ती मोडली. बोटीचे पैसे पूर्ण भरतील एवढी रक्कम होती. पिशवीत घालून तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याकडे गेलो. मला वाटत होतं, पैसे तिच्यापुढे ठेवायचे, काही बोलायचं नाही, ती रडेल, मी रडेन, संपलं. पैसे पुरे भरले की खरं सांगायची गरज उरत नाही, असा माझा हिशेब होता.

आत्या पडवीत जवळा पाखडत होती. शेजारच्या दोन बायका बसल्या होत्या, बाजारात तिच्याच ओळीत बसणाऱ्या. मला पाहून त्या गप्प झाल्या. आत्याने सूप खाली ठेवलं आणि चहा टाकायला उठली, जसा काही मी पाहुणा होतो. चहा आला. मग मी पिशवी पुढे केली.

“काय हाय?”

“तुझे बोटीचे. सगळे आहेत.”

तिने पिशवीत पाहिलं. बायकांनीही मान लांब करून पाहिलं. आत्याने लुगड्याला हात पुसले आणि माझ्यासमोर पाट ओढून बसली.

“सगळं कशाला आनलंस?”

“मी तपासलं होतं ना. रीत आहे आपली.”

“रीत तुला धड ठाव न्हाय,” ती म्हणाली. आवाज शांत होता, गिऱ्हाइकाला भाव सांगते तसा. “हात घालनाऱ्याचा हात चुकला, तर नुकसान अर्धं-अर्धं. मानूस हाय, चुकनारच. माजा बी चुकलाय. सगळं कंदी भरायचं, तर ज्यानं तळ बगितला, वला हाय ते कळलं, आन तरी मान हलवली, त्यानं. त्याच्याकडनं सगळं घ्यायचं, आन परत त्याला गोनीला हात लावू द्यायचा न्हाय.”

शेजारच्या बायका माझ्याकडे बघत होत्या. आत्या त्यांच्याकडे न बघता, पण त्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलत होती. ती माझ्यासाठी बोलत होती, हे मला तेव्हाच समजलं. मी जाण्याआधी त्या पडवीत काय बोलणं चाललं असेल, तेही समजलं.

“मी सगळं घेतलं, तर उद्या बाजारात काय म्हनतील? पोरानं जानूनबुजून केलं. मला न्हाय चालायचं. माज्या भावाचं पोर हाय.” तिने पिशवीतल्या गड्ड्या बाहेर काढल्या आणि पाटाशेजारी रचल्या. “मला अर्धं बास. गाळ्याचं मी काल सांगून आले, नको म्हनून. त्यो कोल्ड्रिंकवाला बगत व्हता, त्याला दिला त्यांनी.”

“आत्या, सगळे घे. होळीला अजून आठवडा आहे, गाळा परत मिळेल. मी जाऊन बोलतो.”

“सगळं घे म्हंजे?” ती थांबली. पहिल्यांदा तिने सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. गोणीत हात घातल्यावर ती जशी दुसरीकडेच बघते तशी नव्हे, अगदी समोर. “का रं? तुला दिसलं व्हतं का?”

आता सांगतो की माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. खरंच आलं होतं. एक ‘हो’ म्हटलं असतं तर तिने सगळे पैसे घेतले असते आणि गाळा तिचा होता. दोन फूट उंच, वर पत्रा. मी त्या दोन बायकांकडे पाहिलं.

“नाही,” मी म्हटलं.

“मंग?” आत्याचा चेहरा एकदम सैल झाला. तिला केवढं बरं वाटलं ते तिला लपवता आलं नाही. तिने बायकांकडे वळून मान हलवली, आणि त्यांनीही माना हलवल्या. मग तिने गड्ड्या मोजल्या, अर्ध्या स्वतःकडे ओढल्या, अर्ध्या पिशवीत भरल्या आणि पिशवीचे बंद स्वतःच्या हाताने बांधून ती माझ्या मांडीवर ठेवली. जाताना पावशेर सोडे बांधून दिले.

सोमवारी मी ते पैसे परत बँकेत घेऊन गेलो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, किती वर्षांसाठी ठेवायचे. पाच, मी म्हटलं, आणि त्यांनी दाखवलं तिथे सही केली.